इंग्रजीत तुलना करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माणसांनी लिहिलेले इंग्रजी अहवाल, प्रबंध, अर्ज आणि पत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. स्पेलिंगच्या चुका आता संगणकच पकडतो, त्यामुळे माझी लाल शाई जास्त खर्च होते ती तुलनेच्या वाक्यांवर. 'हे त्यापेक्षा बरं', 'याचा आवाज त्याहून कमी', 'जितकं हे तितकं ते' ही वाक्यं मराठीत झोपेतही बरोबर येतात आणि इंग्रजीत हमखास घसरतात. लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, चूक डोळ्याआधी कानाला कळते.

इंग्रजी व्याकरण बऱ्यापैकी येतं. मग तुलनेच्या वाक्यातच का अडखळायला होतं?

कारण मराठीत तुलना फार स्वस्तात होते. नामाला 'पेक्षा' किंवा 'हून' जोडलं की काम झालं. विशेषण जागचं हलत नाही. 'जड' ते जडच राहतं. शब्दांची जागाही सैल असते: 'शिसं लोखंडापेक्षा जड', 'लोखंडापेक्षा शिसं जड', अगदी 'जड म्हणाल तर शिसंच, लोखंडापेक्षा' असं म्हटलं तरी ऐकणारा गोंधळत नाही. 'पेक्षा' ज्याला चिकटलं त्याच्याशी तुलना, एवढं त्याला पुरतं.

इंग्रजीत नामाला असं काही चिकटत नाही. 'दॅन' वाक्याच्या मधोमध सुटा उभा असतो आणि त्याच्या उजवीकडे जे असेल ते डावीकडच्या कशाशी तरी जोडून घ्यायचं, हे वाचकावर असतं. डावीकडे त्याला नेमकी जोडी सापडली नाही की तो थांबतो. बरं, मराठीतही आपण कमी ढिले नसतो. 'याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा' असं आपण म्हणतो. खरं तर म्हणायचं असतं 'त्याच्या आवाजापेक्षा', पण कुणाचं अडत नाही. तीच सवय इंग्रजीत नेली की वाक्य लंगडतं.

मी सगळ्यांना एकच युक्ती सांगते. डाव्या हाताचं बोट 'दॅन'च्या अलीकडे ज्याची तुलना चालली आहे त्या शब्दावर ठेवा, उजव्या हाताचं बोट 'दॅन'च्या पलीकडच्या शब्दावर. मग दोन प्रश्न विचारा. या दोन गोष्टी एकाच प्रकारच्या आहेत का? आणि त्यांची घडण सारखी आहे का? पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच दोन बोटं कामाला येणार आहेत.

'दॅट ऑफ' कधी वापरायचं?

हे वाक्य घ्या: 'द डायमीटर ऑफ जुपिटर इज लार्जर दॅन अर्थ.' डावं बोट 'डायमीटर'वर, उजवं 'अर्थ'वर. एका बोटाखाली व्यास आणि दुसऱ्याखाली अख्खा ग्रह. म्हणायचं होतं व्यास आणि व्यास.

दुरुस्तीच्या तीन वाटा आहेत. 'द डायमीटर ऑफ जुपिटर इज लार्जर दॅन दॅट ऑफ अर्थ' ही पहिली. इथे 'दॅट' म्हणजे 'डायमीटर'च, पुन्हा उच्चारायचा कंटाळा म्हणून बदली आलेला. नाम अनेकवचनी असेल तर 'दोज ऑफ'. दुसरी वाट 'जुपिटर्स डायमीटर इज लार्जर दॅन अर्थ्स'. तिसरी सरळ 'जुपिटर इज वायडर दॅन अर्थ'.

मला तिसरी आवडते, आणि त्यामागे छोटंसं कारण आहे. मराठीत आपण गुणाला कर्ता करतो: त्याची उंची जास्त आहे, तिचं वय कमी आहे, या गाडीचा वेग जास्त आहे. इंग्रजी शक्यतो माणसाला किंवा वस्तूलाच कर्ता करते आणि गुण विशेषणात ढकलते. 'हिज हाइट इज मोअर'ऐवजी 'ही इज टॉलर', 'हर एज इज लेस'ऐवजी 'शी इज यंगर', 'इट्स वेट इज मोअर'ऐवजी 'इट इज हेविअर', 'इट्स कॉस्ट इज मोअर'ऐवजी 'इट कॉस्ट्स मोअर'. एवढा एक बदल केला की 'दॅट ऑफ'ची गरजच निम्मी उरते. आकडा द्यायचा असेल तरी हीच घडण चालते. गुरूचा विषुववृत्तावरचा व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर आहे आणि पृथ्वीचा सुमारे १२,७५६ किलोमीटर, म्हणून 'जुपिटर इज अबाउट इलेव्हन टाइम्स ॲज वाइड ॲज अर्थ'.

'दॅट ऑफ' एकदा कळलं की त्याचं व्यसन लागतं, हेही सांगून ठेवते. 'माय हाइट इज मोअर दॅन दॅट ऑफ हिम' असं वाक्य माझ्याकडे आलं आहे. 'आय ॲम टॉलर दॅन ही इज' एवढंच पुरे होतं.

हाच घोटाळा 'लाइक' आणि 'अनलाइक'नेही होतो. 'अनलाइक अर्थ, द ॲटमॉस्फियर ऑफ मार्स इज व्हेरी थिन' यात पृथ्वीची तुलना मंगळाच्या वातावरणाशी झाली. स्वल्पविरामानंतर लगेच मंगळच यायला हवा: 'अनलाइक अर्थ, मार्स हॅज अ व्हेरी थिन ॲटमॉस्फियर'.

'एनी' आणि 'एनी अदर' यांत एवढं काय आहे?

'जुपिटर इज लार्जर दॅन एनी प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम' असं लिहिलं की गुरू स्वतःहूनही मोठा ठरतो, कारण तोही याच सूर्यमालेतला ग्रह आहे. त्याला आधी बाजूला काढावं लागतं: 'लार्जर दॅन एनी अदर प्लॅनेट'. पण 'जुपिटर इज लार्जर दॅन एनी मून' हे बिनचूक आहे. गुरू चंद्रांच्या गटात मुळात नाहीच, मग 'अदर' कशाला? माणसांच्या बाबतीत हेच काम 'एल्स' करतो: 'शी रन्स फास्टर दॅन एनिवन एल्स इन द टीम'.

मराठीत आपण 'सगळ्यांत मोठा' म्हणून मोकळे होतो, म्हणून ही अडचण आपल्याला आधी दिसतच नाही. इंग्रजीतही 'द लार्जेस्ट प्लॅनेट' म्हणून सुटता येतं. मात्र 'द लार्जेस्ट ऑफ ऑल द अदर प्लॅनेट्स' लिहू नका. तिथे उलटी चूक होते. गुरूला गटाबाहेर काढलं आणि मग त्याच गटात पहिला नंबर दिला.

समांतर रचना, समांतर रचना सगळे म्हणतात. ती नेमकी कशी दिसते?

दोन बोटांखाली सारख्या घडणीचे शब्द असणं म्हणजे समांतर रचना. एका बाजूला 'टु' असलेलं क्रियापद आणि दुसऱ्या बाजूला 'इंग'वालं, असं नको. 'इट इज चीपर टु रिपेअर अ मशीन दॅन बाइंग अ न्यू वन' हे वाक्य बोलण्यात खपून जातं, लिहिण्यात डोळ्याला टोचतं. 'टु रिपेअर' तर 'टु बाय'. किंवा दोन्ही 'इंग'वाले करा: 'रिपेअरिंग अ मशीन इज चीपर दॅन बाइंग अ न्यू वन'.

खरी गंमत छोट्या शब्दांत आहे. हे वाक्य पाहा: 'साउंड ट्रॅव्हल्स फास्टर इन वॉटर दॅन एअर.' उजवं बोट 'एअर'वर. डाव्या बोटाने काय पकडायचं? 'वॉटर' पकडलं तर अर्थ बरोबर: पाण्यात वेग जास्त, हवेत कमी. पण 'साउंड' पकडला तर अर्थ होतो की पाण्यात आवाज हवेपेक्षा जोरात पळतो, जणू हवाही शर्यतीत उतरली आहे. एक 'इन' परत लिहा आणि शंका मिटते: 'साउंड ट्रॅव्हल्स फास्टर इन वॉटर दॅन इन एअर'. २० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि पाण्यात साधारण १,४८० मीटर. म्हणजे चौपटीहून जास्त फरक सांगणारं वाक्य एका दोन अक्षरी शब्दावर अडलं होतं.

मराठीत ही काळजी विभक्तीच घेते. 'हवेतल्यापेक्षा पाण्यात' म्हटलं की 'हवेत' आणि 'पाण्यात' आपोआप जुळतात. इंग्रजीत ती जुळणी हाताने करावी लागते. म्हणून 'दॅन'च्या आधी 'इन', 'ऑन', 'फॉर', 'विथ' यांपैकी काही असेल तर 'दॅन'नंतर ते परत लिहायचं. नसतं लिहिलं तरी चाललं असतं, असं दहातल्या चार वेळा वाटेल. तरी लिहा.

'दॅन आय' बरोबर की 'दॅन मी'?

हा वाद अडीचशे वर्षांहून जुना आहे. रॉबर्ट लोथ या इंग्रज बिशपने १७६२ साली छापलेल्या व्याकरणात असं मांडलं की 'दॅन' हे उभयान्वयी अव्यय आहे, म्हणून त्याच्यानंतर अध्याहृत क्रियापद धरून सर्वनामाचं रूप ठरवावं: 'टॉलर दॅन आय' म्हणजे 'टॉलर दॅन आय ॲम'. बोलणारे लोक त्याच्याही आधीपासून 'दॅन मी' म्हणत होते आणि आजही म्हणतात.

माझ्या लेखी प्रश्न शिष्टाचाराचा कमी आणि अर्थाचा जास्त आहे. 'ही ट्रस्ट्स यू मोअर दॅन मी.' आता याचा अर्थ काय? माझा तुझ्यावर जितका विश्वास आहे त्याहून त्याचा जास्त आहे, की त्याचा माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास आहे? दोन्ही निघतात, आणि चुकीचा निघाला तर भांडण होतं. क्रियापद लिहून टाका. 'मोअर दॅन आय डू' किंवा 'मोअर दॅन ही ट्रस्ट्स मी'. मराठीत 'माझ्यापेक्षा तुझ्यावर' आणि 'माझ्यावरपेक्षा तुझ्यावर' यांत हाच झगडा आहे, फक्त आपण तो आवाजाच्या चढउतारावर निभावून नेतो. कागदावर आवाज नसतो.

साध्या 'टॉलर दॅन आय'बद्दल विचाराल तर औपचारिक लेखनात मी 'दॅन आय ॲम' लिहिते. कुणालाच काही बोलायला जागा राहत नाही.

'ॲज गुड ऑर बेटर दॅन' का चुकतं?

'ॲज गुड'ला त्याचा दुसरा 'ॲज' मिळालाच नाही म्हणून. पूर्ण लिहायचं तर 'ॲज गुड ॲज, ऑर बेटर दॅन, द ओल्ड वन'. हे बरोबर आहे आणि दिसायला कुरूप आहे. 'ॲट लीस्ट ॲज गुड ॲज द ओल्ड वन' लिहा. अर्थ तोच आणि वाक्य एका दमात संपतं.

'ॲज कंपेअर्ड टु' लिहिल्याशिवाय मला तुलना झाल्यासारखी वाटत नाही. त्यात चूक आहे का?

चूक बहुतेक वेळा दुहेरी असते. 'द न्यू मॉडेल इज फास्टर ॲज कंपेअर्ड टु द ओल्ड मॉडेल.' 'फास्टर' म्हटल्यावर तुलना सुरू झाली, तिचा जोडीदार 'दॅन' आहे. 'कंपेअर्ड' तिथे पाहुणा आहे. 'फास्टर दॅन द ओल्ड वन' म्हणा. हे आपल्या 'च्या तुलनेत'चं उसनं रूप आहे आणि सरकारी मराठीतूनच इंग्रजीत शिरतं, असा माझा संशय आहे. 'कंपॅरेटिव्हली बेटर' हे त्याचंच भावंड.

'कंपेअर्ड विथ' तेव्हा वापरा जेव्हा वाक्यात तुलनात्मक रूप नाही आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे आहेत: 'द बोट टुक नाइन अवर्स, कंपेअर्ड विथ थ्री बाय ट्रेन'. 'कंपेअर टु' आणि 'कंपेअर विथ' यांतला जुना भेद असा की साम्य दाखवायला 'टु' आणि फरक-साम्य तपासायला 'विथ'. आजकाल बरेच चांगले लेखकही तो पाळत नाहीत. मी पाळते, पण दुसऱ्याच्या लेखात त्यावर शाई सांडत नाही.

'तीन पट जास्त' इंग्रजीत कसं लिहायचं?

इथे मी सगळ्यात जास्त कडक आहे, कारण इथे चूक भाषेची न राहता आकड्याची होते.

'थ्री टाइम्स मोअर दॅन फॉर्टी' म्हणजे किती? काही वाचक १२० म्हणतील. काही म्हणतील, ४० तर आहेतच, त्याच्यावर तीन पट आणखी, म्हणजे १६०. मराठीतही 'तिपटीने जास्त' म्हटलं की हाच गोंधळ आहे, आपण तो विचारत नाही एवढंच. 'थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज' लिहिलं की १२०शिवाय दुसरं काही निघत नाही. मोजता न येणाऱ्या गोष्टीला 'ॲज मच ॲज', आकाराला 'ॲज लार्ज ॲज'. 'टाइम्स'च्या मागे 'मोअर' दिसला की मी तो काढून 'ॲज' घालते, अपवाद नाही.

उलट्या दिशेने तर अजून वाईट. 'द मून्स ग्रॅव्हिटी इज सिक्स टाइम्स लेस.' एक पट कमी केलं की शून्य होतं, मग सहा पट कमी म्हणजे काय? 'अबाउट वन-सिक्स्थ ॲज स्ट्राँग ॲज अर्थ्स' लिहा.

टक्क्यांत आणखी एक खड्डा आहे. दर ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला तर तो १० पर्सेंटेज पॉइंटने वाढला, आणि त्याच वेळी २५ टक्क्यांनी वाढला. दोन्ही खरं आहे. 'इन्क्रीज्ड बाय टेन पर्सेंट' मात्र खोटं आहे, कारण ४० चे दहा टक्के चार होतात. 'रोज फ्रॉम फॉर्टी पर्सेंट टु फिफ्टी पर्सेंट' लिहिलं की वाद संपतो. शक्य असेल तिथे दोन्ही आकडे द्या.

आणि पट काढण्याआधी मोजपट्टीचा शून्य कुठे आहे ते बघा. २० अंश सेल्सिअस हे १० अंशांच्या 'ट्वाइस ॲज हॉट' नाही. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, उष्णतेचा अभाव नव्हे. केल्विनमध्ये मांडलं तर ते २९३ आणि २८३ होतात, फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा. 'टेन डिग्रीज वॉर्मर' म्हणा.

'फ्यूअर' आणि 'लेस'?

मोजता येतं त्याला 'फ्यूअर', मापता येतं त्याला 'लेस': 'फ्यूअर एरर्स', 'लेस वॉटर'. पण अंतर, वेळ आणि पैसे मोजता येत असूनही एकगठ्ठा धरले जातात, म्हणून 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स', 'लेस दॅन टू अवर्स'. हा नियम रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० साली आपली आवड म्हणून सुचवला होता. पुढे शाळांनी त्याचा कायदा केला.

'प्रिफर', 'सुपीरियर', 'सीनियर' यांच्यापुढे 'दॅन' का चालत नाही?

'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'सीनियर', 'जूनियर', 'प्रायर' हे शब्द लॅटिनमध्येच तुलनात्मक रूपात होते. 'सीनियर'चा मूळ अर्थच 'अधिक वयस्क'. इंग्रजीने ते तयार घेतले आणि त्यांच्यापुढे 'टु' लावला. 'प्रिफर' या गटातला नाही, पण त्यालाही 'टु'च लागतो: 'आय प्रिफर वॉकिंग टु ड्रायव्हिंग'. दोन्ही बाजूंना 'इंग' आहे ते बघा. 'टु'वालं क्रियापद आलं की मात्र 'रादर दॅन' घ्यावं लागतं: 'आय प्रिफर टु वॉक रादर दॅन ड्राइव्ह'.

'मोअर बेटर' चूक आहे हे माहीत आहे. मग जोर द्यायचा कसा?

'खूप चांगलं'चं थेट 'व्हेरी बेटर' होतं, तेही चालत नाही. तुलनात्मक रूपाला 'मच' लागतो: 'मच बेटर', 'मच फास्टर'. आणि एक योगायोग मला दरवेळी हसवतो. आपला 'फार' आणि इंग्रजीतला 'फार' दोघांचा काही संबंध नाही, पण 'फार बेटर' दोन्हीकडून बरोबर वाटतं. ज्यांना 'मच' आठवत नाही त्यांना मी हेच सांगते.

'मोअर युनिक' यावर लोक तावातावाने भांडतात. जे एकमेव आहे ते अधिक एकमेव कसं होणार, हा मुद्दा तर्काला धरून आहे. पण १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात 'मोअर परफेक्ट युनियन' आहे. मी 'मोअर युनिक'ऐवजी 'मोअर अनयूज्वल' सुचवते आणि पुढे जाते.

'जितकं… तितकं' याला इंग्रजीत काय?

'ॲज मच यू गो हाय, दॅट मच द प्रेशर बिकम्स लो.' हे वाक्य शब्दाला शब्द मराठी आहे. इंग्रजीत दोन्ही अर्ध्यांची सुरुवात 'द' आणि तुलनात्मक रूपाने होते: 'द हायर यू गो, द लोअर द प्रेशर'. एवढंच. 'जितकं' नाही, 'तितकं' नाही, दुसऱ्या अर्ध्यात क्रियापद नसलं तरी चालतं.

हा 'द' नेहमीचं आर्टिकल नाही. जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामाच्या तृतीयेसारख्या रूपातून तो आला आहे, अर्थ साधारण 'तितक्याने'. म्हणजे आपलं 'जितकं-तितकं' त्यात लपलेलंच आहे, फक्त झिजून दोन्ही बाजूंना सारखं झालं आहे.

दोन चुका इथे सारख्या होतात. पहिला 'द' गळतो: 'मोअर यू प्रॅक्टिस, द बेटर यू गेट'. नाहीतर दुसऱ्या अर्ध्यात विशेषण मागे राहतं: 'द मोअर यू हीट इट, द मोअर इट बिकम्स सॉफ्ट'. 'सॉफ्टर' पुढे ओढा: 'द सॉफ्टर इट बिकम्स'. सरावाला हे वाक्य घ्या: 'द लोअर द प्रेशर, द लोअर द टेंपरेचर ॲट विच वॉटर बॉइल्स.' ८,८४९ मीटर उंच एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी सुमारे ७० अंशांनाच उकळतं, ते याच वाक्यामुळे लक्षात राहतं.

'दॅन' आणि 'देन' यांत गल्लत होते.

होणारच. दोघे मुळात एकच शब्द होते आणि साधारण १७०० सालापर्यंत त्यांची स्पेलिंगं सर्रास अदलाबदल होत. आज तुलनेला 'ए'वाला, वेळेला 'ई'वाला. 'डिफरंट'नंतर काय, हेही इथेच सांगते: 'फ्रॉम' सगळीकडे चालतो, 'दॅन' अमेरिकेत ऐकू येतो, 'टु' ब्रिटनमध्ये. 'फ्रॉम' धरून चाला.

तुलना एका वाक्यात न मावता दोन भागांत करायची असेल तर?

'व्हाइल' किंवा 'व्हेअरॲज' घ्या, पण दोन्ही भाग एकाच साच्यात ओता. 'आयर्न मेल्ट्स ॲट १,५३८ डिग्रीज, व्हेअरॲज द मेल्टिंग पॉइंट ऑफ लेड इज ३२७' यात पहिल्या भागात लोखंड वितळतं आणि दुसऱ्या भागात शिशाचा द्रवणांक असतो. शाळेत एकच शब्द दोनदा वापरू नका असं शिकवलेलं असतं, त्याचा हा परिणाम. तुलनेत शब्द बदलला की वाचकाला वाटतं गोष्टच बदलली. 'आयर्न मेल्ट्स ॲट १,५३८ डिग्रीज, लेड ॲट अबाउट ३२७.' दुसऱ्या वेळी 'मेल्ट्स' लिहिलंही नाही, साचा सारखा असल्यामुळे तो ऐकू येतोच.

क्रमही तोच ठेवा. पहिल्या वाक्यात आधी लोखंड, मग शिसं असेल तर शेवटपर्यंत तसंच. तीनहून जास्त गोष्टी आणि तीनहून जास्त गुण असतील तर वाक्य लिहूच नका, तक्ता करा.

एखादं वाक्य दुरुस्त करून दाखवाल?

एका अभियंत्याच्या अहवालातलं हे वाक्य, जसंच्या तसं: 'द नॉइज ऑफ द न्यू पंप इज लेस दॅन द ओल्ड पंप, इट कन्झ्यूम्स लोअर इलेक्ट्रिसिटी ॲज कंपेअर्ड टु ओल्ड वन अँड ऑल्सो मेंटेनन्स इज इझी.'

पहिली बोटं: 'नॉइज' आणि 'पंप'. आवाजाची तुलना पंपाशी. गुण विशेषणात ढकलला: 'द न्यू पंप इज क्वायटर दॅन द ओल्ड वन'. दुसऱ्या तुकड्यात वीज 'लोअर' नसते, 'लेस' असते, आणि 'ॲज कंपेअर्ड टु ओल्ड वन' लागतच नाही, कारण कशाशी तुलना चालली आहे ते पहिल्याच तुकड्यात सांगून झालं आहे. 'यूजेस लेस इलेक्ट्रिसिटी' एवढंच उरलं.

तिसऱ्या तुकड्यावर बोट ठेवायला गेले तर पलीकडे काहीच नव्हतं. 'मेंटेनन्स इज इझी' ही तुलना नाहीच. जुन्याचीही देखभाल सोपी असू शकते. बाकी दोन तुकड्यांसारखं करायचं तर 'इज ईझिअर टु मेंटेन' व्हायला हवं. मग सगळं वाक्य असं बसलं: 'द न्यू पंप इज क्वायटर दॅन द ओल्ड वन, यूजेस लेस इलेक्ट्रिसिटी, अँड इज ईझिअर टु मेंटेन.' एक कर्ता, तीन क्रियापदं, तीन तुलना.

मी ते परत पाठवलं आणि 'ईझिअर'खाली रेघ मारून विचारलं, हे कशावरून? त्यांचा फोन आला. आवाज मोजला होता, विजेचे आकडेही होते. देखभालीचं काही नव्हतं. नवा पंप बसवून तीन आठवडे झाले होते आणि तो अजून एकदाही उघडला नव्हता. 'इझी' असताना ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, 'ईझिअर' झाल्यावर आलं. अहवालात शेवटी गेलं ते वाक्य 'द न्यू पंप इज क्वायटर दॅन द ओल्ड वन अँड यूजेस लेस इलेक्ट्रिसिटी' एवढंच.